मिटल्या डोळ्यांनी वाचलेलं पान

माझ्या डिसेक्शनच्या जोडीदारणीने मला फसवलं. तिच्या तोंडावर अनेकदा सांगून झालंय, आता लिहूनही ठेवते.

मेडिकलच्या पहिल्या वर्षी आमच्या टेबलावर एकीने डिसेक्शनचं पुस्तक मोठ्याने वाचायचं, दुसरीने त्याप्रमाणे कापायचं आणि मग अदलाबदल करायची, असा रिवाज होता. करंजाड्याच्या सोसायटीत वाढलेल्या त्या मुलीला स्कॅल्पेल धरायचीच भीती. मी दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली, घासाघीस आईच्या मासळीच्या पाटीशेजारी बसून शिकलेली. सौदा मीच ठरवला. कापणं कायम माझं, वाचणं तिचं, शिवाय संध्याकाळी घरी येऊन माझ्याकडून नावं पाठ करून घ्यायची. मला सर्जन व्हायचं होतं.

ती यायची. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात, नाकाला ओढणी न लावता, माझ्याच मनगटावर बोट ठेवून एकेक हाड म्हणून घ्यायची. आई म्हणायची, "आदी जेव गो पोरी, मंग हाडं मोज. तुजी तर लांबून मोजता येतान."

काखेचं डिसेक्शन होतं. ती वाचत गेली, मी कापत गेले आणि कातडीखालची एक बारीक नर्व्ह तुटली. डेमॉन्स्ट्रेटर मॅडम मागेच उभ्या होत्या.

"मासे साफ करतेयस का?"

माझं डोकं भडकलं. "पुस्तकात आहे तसंच कापलंय, मॅडम."

त्यांनी पुस्तक दाखवलं. इथे वरवर कापा, लगेच खाली नर्व्ह आहे, असं त्यात स्वच्छ छापलेलं. मी जोडीदारणीकडे पाहिलं. ती गप्प. मॅडमनी माझं स्कॅल्पेल काढून तिला दिलं, टर्म संपेपर्यंत.

जिन्यात मी तिला गाठलं. "ती ओळ का गाळलीस?"

"तू कापायला लागलीस की मी डोळे मिटते गं. पान पाठ करून येते रोज. आज एक ओळ विसरले."

एवढं बोलून ती रडायला लागली. मलाच तिची समजूत काढावी लागली.

पुढे स्कॅल्पेल टेकवतानाही ती डोळे मिटायची. मी शेजारी उभी राहून वाचायचे आणि दर वाक्याला दटावायचे, "डोळे उघड, बये." माझ्या हातात मात्र पुढच्या टर्मलाही चाकू आला की मॅडमचं ते वाक्य कानात वाजायचं.

आज ती सर्जन आहे. आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही, इतका तिचा हात हलका. मी दवाखान्यात ताप-खोकला बघते.

बये, तुझ्यावर माझा जीव आहे, आईचा तर माझ्याहून जास्त. पण ओळ विसरलीस ते मी केव्हाच सोडून दिलं. मॅडम समोर होत्या, 'ओळ माझ्याकडून राहिली' एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते का बोलली नाहीस? या वेळी रडू नकोस, उत्तर दे.