मुदतवाले आणि नानांचं ताट

मुदतवाले आजाऱ्याला बघायला आले की आधी त्याच्या ताटाकडे बघत, मग मनगटाकडे, आणि चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी, तेही शिष्टाचार म्हणून. मग बाहेर ओसरीवर येऊन चपला पायात सरकवता सरकवता घरच्यांना हलक्या आवाजात मुदत सांगत. "राखीपर्यंत निघेल." "अधिक महिना ओलांडणार नाही." एवढं बोलून निघत, चहाला थांबत नसत. चहा घेतला की बोलण्याचं वजन उतरतं, असं त्यांचं मत होतं. त्यांचं खरं आडनाव इंदूरच्या आमच्या स्नेहलतागंजात फार थोड्यांना ठाऊक होतं. मराठी घरांत ते मुदतवाले काका आणि हिंदी बोलणाऱ्या बाकीच्यांत मुदतवाले भिया.

त्यांची सगळी नोकरी चुंगीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गेली होती. बैलांच्या माना आणि गाडीची चाकं बघून ते काटा न लावता आतला माल सांगत. पेन्शनीत निघाल्यावर गाड्या संपल्या, नजर उरली. ती त्यांनी माणसांकडे वळवली. मध्य प्रदेश झाला, राजधानी इंदूर सोडून भोपाळला गेली, आणि इंदूरचे सगळे मराठी लोक सुतक आल्यासारखे वागू लागले, तेव्हा त्यांनी नव्या राज्यालाही मुदत देऊन टाकली होती. "पाच वर्षं. पुढे ही गाडी ओढत नाही, सांगून ठेवतो." ती मुदत टळली, पण त्यांच्या नावाला धक्का लागला नाही. खरी ठरलेली मुदत लोक तेराव्याच्या पंगतीत आठवून आठवून सांगत. चुकलेली मुदत म्हणजे जिवंत राहिलेला माणूस, आणि त्याच्या घरचे तक्रार करायला कशाला जातील?

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, मिलच्या हेडक्लार्कीतून निवृत्त झाले आणि लघवीच्या त्रासाचं निमित्त होऊन त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे. आई 'खालची गाठ' म्हणे, माझा भाऊ खंडव्याहून पत्रात 'ती गोष्ट' लिही. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि नाना घरी आले. त्यांच्या मागोमाग समाचाराला येणारे आले.

इंदुरात समाचाराला येणारा माणूस रिकाम्या हाताने आणि रिकाम्या डोक्याने कधीच येत नाही. कोणी म्हणालं, गाठ दुधावर पोसते, दूध बंद करा. कोणी म्हणालं, तूप बंद करा. समोरच्या वकिलीणबाईंनी तर स्वच्छ सांगितलं की गाठीला उपाशी मारायचं असेल तर माणसाने थोडं सोसायला पाहिजे. हे सगळं त्या आमच्याकडचे पोहे-शेव खात सांगत होत्या. पंधरवड्यात नाना मुगाच्या पाण्यावर आले. मिलमध्ये ज्यांच्या ढेकरेने साहेब दचकत, ते नाना वाटीभर पाण्याकडे बघून "नको" म्हणू लागले. त्यांना सर्दी झाली ती जाईना. दाढी करताना लागलेलं बरं होईना.

अशात मुदतवाले आले. त्यांनी वाटी बघितली, नानांच्या मनगटाला बोटांचं कडं घालून बघितलं, आणि ओसरीवर येऊन मला नि आईला म्हणाले, "दसरा. फार झालं तर दिवाळीचं अभ्यंग."

ओसरीची खिडकी नानांच्या उशाशी होती हे तिघांच्याही लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घर मुदतीप्रमाणे चालू लागलं. भावाने रजा साठवायला सुरुवात केली. शेजारचे एक गृहस्थ नानांची आरामखुर्ची 'चार दिवसांसाठी' घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, "आता नानांना बसवतं कुठे." मावशीने लिहिलं की उन्हाळ्यात येणार होते, पण आता एकदम दसऱ्यालाच येते. आणि सगळ्यात आज्ञाधारकपणे वागले ते नाना. मुगाचं पाणीही ते परत पाठवू लागले. "कशाला उगाच," म्हणत.

रक्ताचे रिपोर्ट घेऊन आम्ही मायलेकी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, आणि झोप न झाल्यासारखे दिसत. त्यांनी कागद बघितले आणि विचारलं, "ये खाते क्या हैं?" आईने सांगितलं. त्यांनी कागद बाजूला सारले. मग मराठीत आले. "काकू, यांची गाठ सध्या शांत आहे. माणूस खलास होतोय. रक्तातलं प्रोटीन उतरलंय, ज्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात त्या कमी झाल्यात. असे पेशंट मी बघितलेत. तोच आजार, तेच ऑपरेशन, पण ज्यांचं अंग असं रिकामं असतं ते लवकर जातात. जेवल्याने गाठ बरी होणार नाही. पण न जेवता हे गाठीची वाटसुद्धा बघणार नाहीत. दूध, डाळ, दही, जमलं तर अंडं. बंद काहीच नाही."

"पण त्यांना दसरा सांगितलाय," आई म्हणाली.

"कोणी?"

"चुंगीच्या इन्स्पेक्टरांनी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

दवाखान्यातून आई घरी न जाता थेट मुदतवाल्यांच्या दारात गेली. मी मागे. ते एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा भिलाईला होता. ओट्यावर बसून ते पेपर वाचत होते.

"भाऊजी, मुदत वाढवून द्या," आई म्हणाली.

"वहिनी, असं होत नाही. हे काय रेशनकार्ड आहे का?"

"तुम्ही सांगितल्यापासून त्यांनी जेवण सोडलंय. डॉक्टर म्हणतात अन्न गेलं पाहिजे. माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकून मरायला निघालेत, तर तुमचं ऐकून जेवतीलही."

"मी बघितलं तेच सांगितलं. नाक्यावर कधी खोटं वजन लिहिलं नाही."

"गाडी रिकामी होती म्हणून हलकी दिसली. भरून बघा," आई म्हणाली. "उद्या साडेबाराला या. पान वाढते."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले, इस्त्रीचा कोट घालून. नानांच्या खाटेशी पाट मांडला. वरण-भात, तूप, भुट्ट्याचा कीस. नानांनी ताट सरकवलं. मुदतवाले शांतपणे जेवत म्हणाले, "बरोबर आहे नाना. दसऱ्याला जायचं तर आता कीस खाऊन काय करणार. तुमचा मला द्या."

नानांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मिलमधला एखादा कारकून असता तर राजीनामा देऊन गेला असता. मग ते उठून बसले आणि कीस संपवला. "तुला खोटं पाडीन आणि मग मरीन," असं त्यांनी तोंड पुसत सांगितलं.

"बघू," मुदतवाले म्हणाले.

मग हे रोजचंच झालं. ते साडेबाराला येत, नानांना डिवचत, नाना रागाने जेवत. अंड्याचा प्रश्न आला तेव्हा आईने परसात वेगळी शेगडी आणि डबा मांडला, पण पहिला घास घ्यायला नाना तयार होईनात. सात पिढ्यांत कोणी खाल्लं नाही म्हणाले. मुदतवाल्यांच्याही सात पिढ्यांत कोणी खाल्लं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून अर्धं अंडं गिळलं, वरून पाणी प्यायले आणि म्हणाले, "बिलकुल बटाटा है." त्या संध्याकाळी ते अंघोळ करून देवळात गेल्याचं वकिलीणबाईंनी बघितलं.

दसरा आला. मावशी आली, भाऊ रजा घेऊन आला, आणि नानांनी सगळ्यांबरोबर पाटावर बसून श्रीखंड मागून घेतलं. मावशी जरा हिरमुसलीच. मुदतवाल्यांनी गंभीर चेहऱ्याने संक्रांत सांगितली. संक्रांत गेली, तेव्हा होळी. होळीही गेली. नानांची सर्दी हटली, अंगावर मूठभर मांस आलं, आणि ते स्वतः काठी टेकत जाऊन आपली आरामखुर्ची परत घेऊन आले.

मुदतवाल्यांचा मात्र भाव पार उतरला. लोक त्यांना आजाऱ्याकडे बोलावेनासे झाले. पानाच्या दुकानावर पोरं विचारत, "क्या भिया, नाना का टाइमटेबल बदल गया क्या?" ते म्हणत, "गाडी लेट है," आणि पुढे जात. एकदा मी त्यांना वाटेत गाठून विचारलं, "काका, तुम्ही मुद्दाम चुकीचं सांगता ना?"

ते चालता चालता म्हणाले, "बेटा, नाक्यावर गाडी यायची, मी माल सांगायचो, गाडी पुढे जायची. पुढे तिचं काय झालं ते बघायची नोकरीच नव्हती. हे पहिल्यांदाच बघतोय."

नाना त्यानंतर तीन वर्षं जगले. ती जेवणाने मिळाली, गोळ्यांनी की रागाने, हे मी सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. शेवटी दुखणं हाडांत उतरलं. त्या दिवसांत मुदतवाले येत, पण डिवचत नसत. चमच्याने दही भरवत आणि नानांनी तोंड फिरवलं की चमचा खाली ठेवून बसून राहत. ओसरीवर जमलेल्या नातेवाइकांनी एकदा त्यांना अडवलं, "भाऊ, साधारण किती?" ते म्हणाले, "मला नाही कळत," आणि चपला घालून गेले. असं उत्तर त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

नाना गेले. तेरावा झाला, माणसं पांगली, भाऊ खंडव्याला परतला. चौदाव्या दिवशी आई स्वयंपाकघरात एका भांड्यात आमच्या दोघींपुरता भात आणि थोडं वरण करून बसली होती. साडेबाराला मुदतवाले ओसरीवर आले. कोट घातला होता. आत न येता खांबाशीच उभे राहिले.

"सवयीने आलो, वहिनी," ते म्हणाले. "जातो."

आईने पाट मांडला. आपल्या वाट्याचा वरण-भात त्यांना वाढला आणि स्वतःसाठी पुन्हा तांदूळ धुवायला उठली. ते जेवू लागले. दोन घासांनंतर म्हणाले, "वरण पातळ झालंय."

"उद्या दाट करते," आई म्हणाली.