खुंट्यावर चढलेलं पिवळं

दुष्काळाच्या त्या वर्षी मी माजलगावच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होते. तेलगावजवळ एका सहकारी दूध संस्थेनं जनावरांची छावणी उघडली होती आणि माझे मामा तिथली व्यवस्था बघायचे. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"जरा येऊन जा गं. टाकीपाशी पाचटावर पिवळं कायतरी पसरलंय. इख हाय म्हणून माणसं चाऱ्याला हात लावंनात."

गेले. गळक्या टाकीच्या सावलीत उसाचं पाचट भिजून कुजलं होतं, आणि त्यावर हळदीच्या रंगाचं ओलं जाळं पसरलं होतं. मी तिथंच उकिडवी बसले. श्लेष्म बुरशी! दरवर्षी फळ्यावर तिची आकृती काढायची, पण जिवंत अशी पहिल्यांदाच बघत होते. नावात बुरशी असली तरी ती बुरशी नव्हे, ती सरकते, जिवाणू खाते, असं सगळं मी एका दमात सांगून टाकलं.

बैलजोडी घेऊन आलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, "पाय न्हाईत तर सरकती कशी?"

"उद्या बघा की!"

कुजका ढीग तेवढा घालू नका, बाकीचा चारा चांगलाय, असं मामांना सांगून मी निघाले. बसमध्ये मात्र धाकधूक सुरू झाली. उन्हानं वाळून गेली तर?

दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग घेऊन गेले, तर पाचटावर काहीच नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात आजीबाईंची हाक आली.

"पोरी, तिकडं काय हुडकतीस? तुझं लेकरू हितं खुंट्यावर चढलंय!"

खरंच! टाकीलगत आजीबाईंचा एक बैल बांधायच्या खुंट्यावर, कोरड्या लाकडावर, त्या पिवळ्या जाळ्याचीच आता बारीक देठांची करडी डोकी होऊन दाटीनं उभी होती, टाचण्या टोचाव्यात तशी. बैलानं अंग घासू नये म्हणून आजीबाईंनी त्याला पहाटेच दुसरीकडं बांधलं होतं.

मी भिंग काढलं. वर्गाआधी छावणीचीच रांग लागली. एकजण म्हणाला, "आयला, लई बेस दिसतंय बे!" आणि पुन्हा शेवटी जाऊन उभा राहिला. डोकी फुटली की आतली पूड वाऱ्यानं उडते, ओल मिळाली की त्यातून पुन्हा पिवळं जाळं होतं, हे मी सांगत होते, पण ऐकायला कुणी भिंग सोडेना.

खुंटा कॉलेजात न्यायचा ठरला. आजीबाई म्हणाल्या, "न्हे, पण मला दुसरा ठोकून दे." मामांनी लगेच ठोकून दिला. परतताना बसमध्ये खुंटा कुणी मांडीवर धरायचा यावरून पोरं माजलगावपर्यंत भांडत होती.