परमेश्वरनं पाहिलेलं लग्न

शिवकन्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. २००९ सालच्या उन्हाळ्यात केजमध्ये भरवशाची लाइट त्याच वेळी असायची. नवरा वीरेश भाजीच्या लिलावाला निघताना तिला राधाकिशनशेठच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानापर्यंत सोडायचा. ती शटर अर्धं वर करायची, कॉम्प्युटर चालू करायची आणि तो उघडेपर्यंत उभ्यानंच केस बांधायची. बसायची ती काम लावूनच. सातला लाइट गेली की झालं तेवढं झालं.

काम ऐकायला सोपं. लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची, ती फाइल दाबून लहान करायची आणि इंटरनेटवर चढवायची, म्हणजे लांबच्या नातेवाइकांना बघता येते. फाइल मोठी राहिली तर तिकडं अडकत चालते. जास्त दाबली तर चेहरे पुसले जातात. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात माणसाची पाठ जाते.

त्या मे महिन्यात चतुराबाई दुकानात आल्या. विडा गावाकडच्या वस्तीवरच्या, मेंढरं राखणारं घर. मुलगी संगीताचं लग्न झालं होतं आणि थोरला परमेश्वर मस्कतला गवंडीकामावर होता. त्याला रजा मिळाली नव्हती. लग्नाचा खर्च सगळा त्याच्या घामाचा, आणि लग्न तेवढं त्यानं पाहिलं नव्हतं. शुक्रवारी त्याला सुट्टी. त्या दिवशी कामगारांच्या कॅम्पजवळच्या कॅफेत बसून तो बघणार होता. तिथलं नेट धिमं, म्हणून फाइल लहानच हवी. आपण घराला परके झालो, असं पोराच्या मनात यायला नको, एवढंच चतुराबाईंचं म्हणणं.

शेठनं सांगितलं, आहेर काढून टाक आणि मोकळी हो. शिवकन्यानं ऐकलं नाही. आहेराला उभा राहिलेला एक पाहुणा जरी गळाला, तरी त्याचं घर वर्षभर बोलत नाही, हे शेठलाही ठाऊक होतं. एकही माणूस न काढता फाइल लहान करायची, असं तिनं ठरवलं.

पहिल्या खेपेला सगळं लग्न एकदम लावलं. काम संपत आलं आणि लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या पहाटे पुरं झालं, पण मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या आणि चित्र फुटलं. एवढे दाणे एकदम उडाले की दाबलेल्या फाइलला पेलत नाही. नवरा-नवरीच्या जागी नुसते चौकोन. मग तिनं लग्नाचे तुकडे केले. एकेक तुकडा वेगळा दाबायचा आणि शेवटी जोडायचा. लाइट गेली तर एकच तुकडा वाया. शिवाय कुठल्या तुकड्याला किती जागा द्यायची, तेही आता तिच्या हातात आलं. अक्षतांना तिनं भरपूर दिली. ती काढली पंगतीतून. जेवणाऱ्यांची तोंडं कोण बघतो?

शुक्रवारी दुपारी दुकानाचा फोन वाजला. चतुराबाई सकाळपासून बाकावर बसून होत्या. शेठनं स्पीकर लावला. परमेश्वर खुशीत होता. कानपिळीला त्याच्या जागी चुलतभाऊ सुग्रीव उभा राहिला होता, त्याच्यावर त्याचा राग.

“सुग्र्याला सांगा, कान पिळायचा असतोय, कुरवाळायचा न्हाई. पाव्हणा हसतोय की.”

मग त्यानं विचारलं, “आय, तू कुठं हायीस? समदं दोनदा बघितलं. तू दिसली न्हाईस.”

“मी काय नवरी हाय का दिसायला?” चतुराबाई म्हणाल्या. लेकीचं लगीन दिसलं, तेवढं बास, असंही म्हणाल्या. फोन बंद झाला तरी बाकावरून उठल्या मात्र नाहीत.

शिवकन्यानं मूळ कॅसेट लावली. लग्नाच्या दिवशी दिवसभर चतुराबाई मांडवामागं स्वयंपाकात होत्या, आणि शूटिंगवाला तिकडं फिरकलाच नव्हता. सगळ्या लग्नात त्या एकदाच आल्या होत्या, पंगतीत. हातात बुंदीची परात, आणि वाकून कुणाला तरी आग्रह चाललेला. मग तिनं पाठवलेली फाइल लावली. तिथं चेहऱ्याच्या जागी तांबूस डाग होता.

“मावशी, तुमी हायत त्याच्यात,” ती म्हणाली. “मीच पुसलंय तुमाला. पुढल्या शुक्रवारी दिसताल.”

आता पंगतीला जागा द्यायची तर आणायची कुठून? अक्षतांची काढता येईना, आहेराची काढता येईना. राहिली सुरुवातीची पाटी. शेठच्या दुकानाचं नाव गुलाबाच्या उडत्या पाकळ्यांतून गरगरत यायचं, आणि त्या पाकळ्याही अक्षतांइतक्याच जागा खायच्या. तिनं पाकळ्या काढल्या, नाव नुसतं उभं ठेवलं.

“माझी पाटी कावून मारलीस गं?” शेठनं विचारलं.

“तुमचं तोंड केजात रोज दिसतंय, शेठ.”

शेठ जरा वेळ धुसफुसले. मग म्हणाले, वरातीतूनही काढ थोडं, तसाही बँडवाला बेसूर वाजवत होता. पंगतीचा तुकडा तिनं तीन वेळा केला. दुसऱ्या वेळचाही चालला असता, पण त्यात डोळे नीट उमटले नव्हते.

पुढच्या शुक्रवारी परमेश्वर थोडंच बोलला.

“दिसलीस, आय. लई वाळलीस.”

“उन्हाचं दिस हायत,” चतुराबाई म्हणाल्या. “तू जेवलास का?”

त्या महिन्यापासून शिवकन्या पगारातलं थोडं थोडं मागं टाकू लागली. दोन दिवाळ्या तिनं नवी साडी घेतली नाही. त्या पैशातून तिनं जुना पण धड कॅमेरा घेतला, आणि शूटिंगवाल्याबरोबर लग्नघरी गेली की मांडवात शिरायच्या आधी तो घेऊन ती बाया भाकरी थापत असतील तिकडं जायची.