पंचाक्षरी सरांनी हरवलेलं बाळ

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत गणिताला पंचाक्षरी सर आले ते ओल्या कपाळानं. गडहिंग्लजकडचे लिंगायत; मुलाखतीला जायच्या आधी नळावर विभूती धुऊन टाकली होती. मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना आजऱ्याच्या. त्यांच्या नजरेतून काय सुटतंय? म्हणाल्या, "पुसलासा कशाला? मी क्रूस काढून बसलीय व्हय?"

एवढ्यावर माणसानं निश्चिंत व्हावं. पण सरांचा स्वभावच घाबरट. नेमणूक एका वर्षाची, कायम करायचं की नाही ते नाताळनंतर ठरणार होतं. त्यामुळे सकाळच्या प्रार्थनेला ते ख्रिस्ती मुलांपेक्षा घट्ट डोळे मिटायचे. मी इथं बावीस वर्षं इतिहास शिकवते, घरी आमच्या जोतिबा, आणि मला आजवर कुणी चकार शब्द बोललेलं नाही. हे त्यांना शंभरदा सांगितलं. उत्तर एकच, "तुमचं येगळं हाय अक्का. तुमची ऑर्डर निघालीया."

डिसेंबरात सिस्टरनी नाताळचा गोठा मांडायचं काम त्यांच्याकडे दिलं. शेतकऱ्याघरचा माणूस, हरखून गेला. दरवर्षीचा थर्माकोल त्यांनी बाजूला सारला, गावाकडून कडबा आणला, खरीखुरी गव्हाण बांधली, जमीन शेणानं सारवली. गाढवाला वारं लागेल म्हणून एका अंगाला पोत्याचा आडोसासुद्धा केला. गाढव मातीचं! मग मूर्तींचं खोकं उघडलं. मरिया होती, योसेफ होता, तीन राजे होते, मेंढरं होती. बाळ नव्हतं.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. स्टोअररूम उपसली, प्रयोगशाळा धुंडाळली, कंपासपेट्या तपासायच्या निमित्तानं सहावीची दप्तरंही उलटीपालटी केली. मनात एकच घोळत होतं: इतकी वर्षं यांच्या माणसांनी बाळ सांभाळलं, आणि परक्याच्या हातात दिलं तर पहिल्याच वर्षी हरवलं. आता कसली ऑर्डर न् कसलं काय! मला विचारलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण हा माणूस विचारेल तर शपथ!

त्याऐवजी त्यांनी शनिवारी शाळा सुटताच हुपरीची बस धरली. तिथं त्यांचा मेहुणा शिवकुमार चांदीचं काम करतो. त्याला सांगितलं, एक बाळ पायजे, वीतभर, सोमवारपर्यंत. कुणाचं, कशासाठी, काही नाही. शिवकुमारकडे बाळाचा साचा एकच होता, रांगत्या बाळकृष्णाचा. त्यानं हातातला लोण्याचा गोळा सरांच्या सांगण्यावरून घासून काढला. पण बाळ तसंच उघडं द्यायला त्याचं मन होईना, म्हणून पायात वाळे आणि कमरेला करदोडा आपल्या हौसेनं घातला.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर सिस्टर आम्हा सगळ्यांना घेऊन गोठा बघायला आल्या. गव्हाणीतल्या कडब्यावर चांदीचं गुटगुटीत बाळ, वाळे घालून, गुडघ्यावर रांगत होतं आणि मान वर करून थेट सिस्टरांकडे बघत होतं. सरांनी घाम पुसला.

"सर," सिस्टर म्हणाल्या, "आजून जन्मलंबी न्हाय, आन् रांगाय लागलं?"

बाळ चोवीस तारखेपर्यंत झाकून ठेवायची रीत असते. मध्यरात्री जन्म झाला की मगच ते गव्हाणीत येतं. तोवर ते दरवर्षी सिस्टरांच्या कपाटात असतं. सिस्टर सरांना ऑफिसात घेऊन गेल्या, मागोमाग मीही घुसले. त्यांनी कपाट उघडून टॉवेलात गुंडाळलेलं प्लास्टरचं बाळ टेबलावर ठेवलं. सर मटकन खुर्चीत बसले.

"मला वाटलं, माझ्याच हातनं गेलं," एवढंच म्हणाले, आणि चक्क रडायला लागले. हसून हसून माझं पोट दुखत होतं, ते तिथंच थांबलं. इतके दिवस हा माणूस एकटा केवढी भीती घेऊन फिरत होता, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून वह्या तपासत होते. माझी मलाच लाज वाटली.

सिस्टरनी त्यांना पाणी दिलं. मग प्लास्टरचं बाळ टॉवेलात गुंडाळलं, त्याच्या शेजारी चांदीचं निजवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली सरांच्या पुढ्यात ठेवली.

"दोघंबी आता तुमच्याकडं. दरवर्षी डिसेंबरात तुम्हीच काढायचं, तुम्हीच ठेवायचं."

"पण सिस्टर, माझी ऑर्डर..."

"अवो, जाणाऱ्या माणसाच्या हातात कपाटाची किल्ली देत असत्यात व्हय? उठा, पाचवीचा वर्ग बोंबलतोय तिकडं."