होल्डवर ठेवलेलं नाव

“आंटी, माझं नाव कुठंय?”

मेल्विन ऑफिसच्या दारात उभा होता. हातात हेल्मेट. पहिल्या शुक्रवारची यादी मी दुपारीच बाहेरच्या बोर्डावर लावली होती, आणि ती वाचून तो आत आला होता.

मी वसईतल्या एका चर्चच्या ऑफिसात सेक्रेटरी आहे. त्याआधी चौदा वर्षं गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल बाहेर पाठवण्याचं काम, सांभाळलं. दोन्हीकडे काम एकच, याद्या करणं आणि त्या पाळल्या जातात की नाही ते बघणं.

पहिल्या शुक्रवारचं आधी सांगते. जे आजारी किंवा थकलेले लोक मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी कम्युनियन पोचवतात. मिस्सेत पवित्र केलेली ती भाकर, आमच्या श्रद्धेने ख्रिस्ताचं शरीर. फादर एकटे सगळ्या घरांना पुरत नाहीत, म्हणून चार प्रापंचिक माणसांना ती नेण्याची परवानगी आहे. छोट्या गोल डबीत घालून, गळ्यात अडकवून नेतात. मेल्विन त्या चौघांतला एक. छत्तीस वर्षांचा, स्वतःचं छोटं डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवायचं वर्कशॉप. त्याच्याकडे सांडोर गावातली तीन घरं होती. त्यातलं एक कातरीनबायचं.

झालं होतं असं. सोमवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “फादरांची वेळ हवीय. एक विचारायचंय.”

“विषय काय लिहू?” मी डायरी उघडली.

“गांजा लिहा.”

मी पेन खाली ठेवलं. त्याने शांतपणे सांगितलं. शनिवारी दोन मित्रांबरोबर चांदीपला शेतावर जातो. वर्षभर चाललंय. बाकीचे दिवस नाही. रविवारी डोकं साफ असतं, मिस्सा चुकत नाही. “पण डबी गळ्यात घालताना हल्ली मनात येतं, हे आणि ते एका माणसात चालतं का? तेवढंच विचारायचंय.”

मी गुरुवारी पाचची वेळ दिली. कोणाला काही बोलले नाही. बुधवारी यादी प्रिंट करायची होती. कारखान्यात एक नियम होता: ज्या मालाबद्दल शंका आहे त्याला लाल टॅग लावायचा, त्याला होल्ड म्हणत. तपासणी होईपर्यंत तो गेटबाहेर जात नाही. मी मेल्विनचं नाव काढलं आणि त्याची तीन घरं दुसऱ्या सेवकाला, पास्कूला दिली. दोन मिनिटांचं काम.

“तात्पुरतं आहे,” मी त्याला म्हटलं. “उद्या तू फादरांशी बोल, मग बघू.”

“म्हणजे फादरांनी नाही काढलं?”

“नाही. मी काढलं.”

त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं. “आंटी, तुमच्या पुतणीच्या लग्नात पिऊन पडलेल्या दोघांना उचलून रिक्षात घातलं होतं. मीच एक टोक धरलेलं. ते दोघं रविवारी मिस्सेत बायबलचं वाचन करतात. त्यांची नावं आहेत बोर्डावर.”

“दारूला कायद्याने बंदी नाही.”

“मग प्रश्न कायद्याचा आहे? मला वाटलं देवाचा आहे.”

मी म्हटलं, “ते उद्या फादरांना विचार.”

“आता काय विचारायचं? उत्तर बाहेर लावलंय की.” हेल्मेट उचलून तो गेला. संध्याकाळच्या मिस्सेनंतर मला तीन फोन आले. मेल्विनने काय केलं? मी गुपित राखलं होतं, पण रिकाम्या जागेने ते गावभर केलं.

गुरुवारी पाचला फादर वाट बघत बसले. साडेपाचला मी त्यांना खरं काय ते सांगितलं.

मग मी विचारलं, “तुम्ही काय सांगणार होतात त्याला?”

“सांगणार होतो की जुळत नाही. देवापुढे माणसाने जागं असावं. शनिवारी मन मुद्दाम झोपवायचं आणि रविवारी उठवायचं, हे फार दिवस जमत नाही. दारूचंही तेच, रिक्षात घातलेल्या त्या दोघांना मी अजून बोललो नाही ही माझी चूक.” त्यांनी चष्मा पुसला. “पण त्याला समोर बसवून सांगणार होतो. डबी ठेवायची की काही दिवस माझ्याकडे द्यायची, ते त्यालाच ठरवू देणार होतो. स्टेला मॅडम, तो पकडला गेला नव्हता. स्वतः आला होता.”

शुक्रवारी पास्कू सांडोरहून परत आला तेव्हा त्याच्या डबीत एक भाकर उरली होती. कातरीनबायने घेतली नव्हती. त्र्याऐंशी वर्षांची बाई, केळीच्या वाडीत एकटी, मुलगा कुवेतला. मेल्विन तिच्याकडे प्रार्थनेनंतर अर्धा तास बसायचा, पाणी भरून द्यायचा. पास्कूला ती म्हणाली, “मेल्विन येल तवा घेन. तो काय मेला नाय.”

पुढच्या महिन्यात मी स्वतः पास्कूबरोबर गेले. “बाय, घ्या. देव तोच आहे,” मी समजावलं.

“देव तोच हाय, ठावं हाय मला,” ती म्हणाली. “त्या पोराला कोनी सांगितलं का, की तोच हाय?”

तिथून मी थेट वर्कशॉपवर गेले. मेल्विन मशीनजवळ बसला होता. डोळे लाल होते. तेलाच्या वासातही तो दुसरा वास कळत होता. दुपारचे बारा, वार शुक्रवार.

“तुझं नाव परत लिहायचंय,” मी म्हटलं. “चूक माझी होती. फादर वाट बघतायत. कातरीनबाय तुझ्याशिवाय घेत नाही.”

त्याने हात पुसले. मग पुन्हा पुसले. “आता नका लिहू, आंटी. तेव्हा फक्त शनिवार होता.”

तिसरा पहिला शुक्रवार यायच्या आधीच कातरीनबाय गेली. सकाळी शेजारीण चहा घेऊन गेली तेव्हा कळलं. फादरांना बोलवायलाही वेळ मिळाला नाही. दोन महिने तिने कम्युनियन घेतलेलं नव्हतं. मातीला मेल्विन आला होता. मिस्सा संपेपर्यंत गेटबाहेर मोटारसायकलींजवळ उभा राहिला. फादर त्याला आणायला पायऱ्या उतरले, तेवढ्यात तो निघून गेला.

आता फादर दर आठवड्याला वर्कशॉपवर जातात. कधी तो बोलतो, कधी मशीन बंद करत नाही. मी यादीत अजून चार ओळी ठेवते. तीन नावं आणि एक कोरी ओळ. प्रिंटिंगमध्ये काही राहिलंय का, असं कोणीतरी दर महिन्याला विचारतं. हो म्हणते.

एक नियम मात्र बदलला. कोणाचंही नाव काढायचं तर आधी त्या माणसाला समोर बसवून सांगायचं, मग प्रिंट. माल होल्डवर ठेवला की तो ठेवल्या जागी राहतो. माणूस राहत नाही, हे मला चौदा वर्षांच्या डिस्पॅचमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.