डोंगराला विचारून फोडलेला दगड

कुरखेड्याकडच्या इसरू मडावीची धानाची बांधी वाचली खरी, पण कशी वाचली ते त्याला आजवर उमगलेलं नाही.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात दगडांचा अभ्यास करणारे देशकर साहेब डोंगराखाली तंबू ठोकून होते. इसरू त्यांचे दगड फोडायचा, वाहायचा. माणूस कामाला वाघ, पण घण उचलण्याआधी खिशातल्या पुडीतला शेंदूर खडकाला फासणार म्हणजे फासणार. "देवा, एक तुकडा नेऊन राह्यलो," म्हणायचा, मगच घाव. साहेब तेव्हा खाली नकाशात डोकं घालून बसलेले. त्यात तिथली मातीही तांबडी, मग शेंदूर कोणाला दिसतो!

पुढच्या हिवाळ्यात साहेब आले ते हवेतच.

"इसरू, शहरात दगडाचा काप आरशासारखा घासतात. मग यंत्रातून केसाहून बारीक झोत एकेका कणावर सोडतात. कशाचा कण आहे, ते लगेच कळतं. तुझ्या दगडांच्या भेगांत शिसं निघालं!"

"म्हंजे दगुड बोलते?"

"बोलतो म्हण. आता खोदायचं, पायथ्याच्या तुझ्या बांधीपासून."

इसरूच्या बापानं रान मोडून केलेली ती बांधी. घरी बायना, त्याची बायको, फणकारली, "तूच दगुड वाहून देल्ले. भोग आता." इसरूचं डोकं चालेना. जन्मभर आपल्याशी चकार शब्द न बोललेला डोंगर त्या यंत्राशी कसा बोलला? त्याला डोंगराचा रागच आला.

खोदायच्या सकाळी मजुरांनी कुदळी उगारल्या, तसा इसरू पुढे झाला. राग असला तरी रीत कशी सोडणार? बांधाजवळच्या खडकाला त्यानं शेंदूर फासला, हात जोडले.

साहेब त्याच्या बोटांकडे बघत राहिले. "हे दर वेळी लावायचास?"

"लावा लागते ना साहेब. इचारल्याबिगर कसा फोडाचा?"

साहेबांनी पुडीतली चिमूट हातावर घेतली. "अरे, शेंदूर शिशाचाच करतात," ते पुटपुटले आणि त्यांनी मजुरांना हातानंच थांबवलं. दुपारी कुदळी जीपमध्ये गेल्या.

"देवानं आयकलं," बायना म्हणाली.

"आयकलं," इसरू म्हणाला. उरलेला शेंदूर खडकाला लावता लावता त्याचा हात थांबला. "पण मंग आधी शिसं हाये म्हणून काऊन सांगतलं त्यानं?"