बेटावरची तीन अंडी

यंदा उन्हाळ्यात नातीने आम्हा दोघी म्हाताऱ्यांना, म्हणजे मला आणि माझ्या धाकट्या जावेला, केजकडच्या धरणावर नेलं. नात पक्षी मोजते. पोटापाण्याला एवढंच करते, हे तिची आई सोयऱ्यांना सांगत नाही. काठावर दोन तंबू ठोकले आणि दोन लांबट प्लास्टिकच्या होड्या पाण्यात सोडल्या. कयाक म्हणतात त्यांना. एकीत ती, दुसरीत पुढे मी आणि मागे जाऊ. जाऊ मुकाट वल्हवत होती. मी आपली बसले होते. चाळीस वर्षांत आमच्या घरातली कामाची वाटणी काही बदललेली नाही.

याच पाण्यात आम्ही दोघी पूर्वी काहिलीतून फिरलोय. गूळ आटवायची लोखंडी काहील, तीच आमची नाव. उन्हाळ्यात पाणी हटलं की मधलं बेट उघडं पडायचं, त्यावर आमच्या घरची टरबुजं. राखणीला आम्हा दोघींना धाडलं होतं, तुराट्यांच्या खोपीत पंधरा दिवस. मी तेव्हा बाविशीची. दोन लेकरं सासूच्या हवाली करून आलेली, आणि त्या दोन लेकरांचा माज एवढा की बेटावरच्या बगळ्यांनीही उठून मला जागा द्यावी. फळीने काहील वल्हवता येते म्हणून बढाई मारली आणि अर्धा तास एका जागी गरगर फिरले. काठावरची माणसं हसत होती. मला वाटलं, कौतुक चाललंय.

जावेच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पावसाळ्यापर्यंत दिवस गेले नाहीत तर दिराला दुसरी करायची, असं सासूने चारचौघांत सांगून टाकलं होतं. बेटाच्या टोकाला मासे टिपणाऱ्या सुरय पाखरांनी अंडी घातलेली. काळी टोपी, पिवळी चोच, घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. जावेने त्यातला एक खळगा आपला मानला आणि नवस बोलली, यातली पिल्लं उडाली की माझी कूस भरू दे. मग ती दिवसभर काठावरून पोहून येणाऱ्या कोल्ह्यावर नजर ठेवून तिकडेच बसायची आणि टरबुजांना पाणी घालायचं माझ्या वाट्याला यायचं. माझं दुखणं एवढंच होतं. कमरेचं.

एका सकाळी ती भाकरी आणायला काठावर गेली. मी जाऊन तिच्या खळग्यातली तिन्ही अंडी उचलली. पाखरांनी झडप घालून घालून माझा अंबाडा सोडवला, त्याचा मला आणखी राग. तव्यावर फोडली, तिखटमीठ टाकलं. एकात चोच निघाली. तेवढं चुलीमागे फेकलं आणि बाकीचं परतलं. जन्मात मी जावेला कधी वाढलं नव्हतं, त्या दिवशी कोंबडीची अंडी म्हणून तिला आधी वाढलं. तिने ताट पुसून खाल्लं. मी पदर तोंडात कोंबून हसले. सांजेला रिकामा खळगा बघून ती वाळूत बसून राहिली, तेव्हा कोल्ह्याचं नाव सांगितलं.

पावसाळ्यात सवत आली. हळदीला गाणी म्हणायला सगळ्यांत पुढे मी. गळाही बेसूर.

तर यंदा ते बेट दिसलं आणि नातीने हात करून बजावलं, लांबूनच बघा, अंडी आहेत. मला चेव आला. आता खोड्या काढायला माझ्या वयाचं माणूस उरलंय कोण? मी पुढे तोंड ठेवूनच सगळं सांगून टाकलं. तवा, तिखट, कोल्हा. तिने हसावं नाहीतर रडावं, माझी दोन्हीला तयारी होती.

मागचं वल्हं थांबलं नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पयल्याच घासाला माशाचा वास आलता. कोंबडीच्या अंड्याला येतोय व्हय?"

"मग खाल्लंस कावून?"

"मोठ्या जावंनं ताटात वाढलेलं टाकता येतंय का, बाई? तुमी तर माझ्या तोंडाकडंच बघत हुत्या." दोन वल्ही मारून ती पुढे म्हणाली, "चुलीमागं टाकलेलं मीच पुरलं. जित्तं हुतं जरासं."

तिचं तोंड बघावं म्हणून मी वळायला गेले, तर होडी एका बाजूला कलली.

"सरळ बसा," ती म्हणाली. "पडाल."

मी सरळ बसले. मला वाटलं, आता काठाकडे नेईल. तिने बेटाभोवती वळसा घ्यायला सुरुवात केली, सावकाश. वाळूत बसलेलं एकेक पाखरू दिसेल तिथे वल्हं थांबवायची, मी नीट बघितलं असेल एवढा वेळ जाऊ द्यायची आणि मग पुढच्याकडे न्यायची. बेट बरंच लांब होतं.